लिंबागणेशचा एरंड आणि ताईच्या नावाचा पतंग

पाऊस न झालेल्या वर्षी बीड जिल्ह्यात फिरायला कोण जातं? हा प्रश्न नवऱ्याने विचारला, शेजारणीने विचारला, आणि खरं सांगायचं तर जामखेडपर्यंत मीही स्वतःला विचारत होते. पण भाऊजींनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "सुनंदा, माझे डोळे उन्हाळ्यापर्यंत टिकतील असं वाटत नाही. येतेस?" मग काय, त्यांना घेऊन गाडी काढली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा जन्म टायगर मॉथच्या मागे होते. मराठीत कुणी वाघपतंग म्हणतात. या पतंगांचं पूर्वी स्वतंत्र कूळ होतं. नंतर शास्त्रज्ञांनी ते एका मोठ्या कुळात घालून त्याचं उपकूळ केलं. भाऊजी तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. ताई म्हणायची, "यांचा बंगला गेला, फ्लॅट मिळाला."

त्यातला त्यांचा खास गट एरंडावर जगणारा. राखाडी पंख, त्यावर काळे ठिपके, खालचे पंख गुलाबी. या गटातल्या जाती वरून पाहून ओळखता येत नाहीत. नराच्या पोटाच्या टोकाला मादीला धरायचे दोन चिमटे असतात. पोट कापून, द्रावणात उकळून, ते चिमटे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, आणि मग जात ठरवायची. फार पूर्वी लिंबागणेशजवळ भाऊजींना एक नर मिळाला होता. त्याच्या चिमट्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं होतं. तसं दुसऱ्या कुठल्याही जातीत नाही. नवी जात! पण एकाच नमुन्यावर कुणी मान्य करेना. तिथलाच आणखी एक नर हवा होता. नव्या जातीला आपलं स्वतःचं नाव द्यायचं नाही असा रिवाज आहे, बायकोचं चालतं. ताईला जाऊन तीन वर्षं झालीत. तिचं नाव मालती. ते नाव शास्त्रात जावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि माझीही.

पुणे, नगर, जामखेड, पाटोदा असा रस्ता आहे. जामखेडपर्यंत बरा, पुढे जरा कंबर सांभाळा. पिण्याचं पाणी जामखेडलाच भरून घ्या, पुढे मागायला लाज वाटते. पाटोद्याला लॉज साधं आहे, पुण्यातल्या हॉटेलात एका जेवणाला लागतात तेवढ्या पैशात रात्र निघते. आंघोळीला अर्धी बादली मिळाली आणि ती देतानाही मालकाचा चेहरा पडलेला होता. भाकरी, पिठलं आणि ठेचा मात्र झकास होता. शेजारच्या टेबलावर दोन शेतकरी चारा छावणीबद्दल बोलत होते.

"म्हशीला तितं सोडून आलो बे. वळून बघती, हंबरती."

"तितं चारा तरी हाय. घरी काय हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबागणेश. गणपतीचं दर्शन घेतलं आणि भाऊजींच्या आठवणीतल्या जागेकडे निघालो. तिथे तळ्यातून पाणी उचलणाऱ्या एका सहकारी उपसा सिंचन संस्थेची पाइपलाइन होती. तिचे सांधे गळायचे, आणि त्या गळतीवर एरंडाची लांबच लांब रांग उभी होती म्हणे. आता तळ्यात भेगा पडल्या आहेत, संस्था बंद आहे, पाइप उपटून नेलेत, नुसता चर उरलाय. पंपघरावर संस्थेचा बोर्ड तेवढा आहे. एरंडाचं एक पानही नाही. भाऊजी त्या चरात उतरून हाताने माती चाचपत राहिले. समोरचं नेमकं तेवढंच त्यांना दिसत नाही, कडेचं दिसतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतताना वस्तीवर एका घरामागे हिरवं दिसलं. एकुलता एक एरंड. घर मेंढपाळाचं. नवरा मेंढरं घेऊन दिंद्रुडकडे गेलेला, घरी मथुराबाई एकट्या. भांडी धुतलेलं पाणी त्या झाडाला घालतात, कारण गुडघे दुखतात आणि एरंडाचं पान शेकून बांधल्याशिवाय झोप येत नाही. झाडावर केसाळ अळ्या होत्या. त्या चिमट्याने उचलून मथुराबाई चुलीत टाकत होत्या.

"थांबा, थांबा!" भाऊजी ओरडलेच.

"कावून? माजी पानं खात्यात. केसं लागली की लई खाज सुटती."

भाऊजींनी सगळं सांगितलं. त्या चिमटा हातात धरून ऐकत होत्या.

"बायकूचं नाव किड्याला?" त्या हसू लागल्या. "दिसाया तरी बरा हाय का?"

"फार देखणा आहे."

"मंग न्या की. समद्या न्या. आमाला काय करायच्यात!"

राहिलेल्या सगळ्या अळ्या डब्यात भरल्या. मी थोडे पैसे पुढे केले, तर त्या रागावल्या. मग आमच्या दोन पाण्याच्या बाटल्या ठेवून घेतल्या. त्यातली एक त्यांनी माझ्यासमोरच एरंडाच्या मुळाशी ओतली.

पुण्यात आमच्या नाल्याकाठी एरंड हवा तेवढा माजलाय. अळ्यांनी तो यथेच्छ खाल्ला, कोश केले, आणि काही आठवड्यांनी पतंग निघाले. बहुतेक माद्या होत्या. दोनच नर होते. भाऊजींच्या सांगण्यावरून मी पहिल्याचं पोट कापलं, उकळलं, बारीक ब्रशने साफ केलं. चिमटे दिसले. टोक सरळ होतं. भाऊजी म्हणाले, "आता वर काच ठेव, हलकेच दाब." मी दाबली, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते टोक दुमडलं. नेमका तसाच आकडा.

"आकडा आहे?" त्यांनी विचारलं. खुर्चीच्या कडेवर बसले होते.

आकडा होता. हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. ताईचं नाव त्या एका शब्दावर अडलेलं होतं. माझ्याशिवाय ते बघणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. मी काच उचलली. टोक पुन्हा सरळ झालं.

"काचेने वळतंय, भाऊजी. काच काढली की सरळ आहे."

ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा मीच काच जास्त दाबली. जुनीच जात आहे ती." आणि थोड्या वेळाने, "दुसराही बघ. याच्या एकट्यावर नको."

दुसराही सरळ होता.

लोक विचारतात, बीडला जाऊन काय मिळालं? रस्त्याचं, लॉजचं वर सांगितलंच आहे. तुम्ही गेलात तर मथुराबाईंकडे दोन बाटल्या पाणी नक्की न्या. माझं म्हणाल तर ताई गेली तेव्हा दवाखाना, पाहुणे, स्वयंपाक यात मला रडायलाही झालं नव्हतं. त्या दुपारी, दुसरा नरही बघून झाल्यावर, भाऊजींनी जुन्या नराच्या काचपट्टीवरची ताईच्या नावाची चिठ्ठी काढायला सांगितली. चिठ्ठी पक्की चिकटलेली होती. मी ओल्या बोटाने 'मालती' खरवडत होते आणि भाऊजी विचारत होते, "निघालं का गं?"