माई नेत्साई आणि कोठारातला मका

माई नेत्साई तीस वर्षे आमच्या प्रार्थनाघरात उपदेश करत होत्या आणि मी घंटा वाजवत होतो. एवढीच आमची ओळख. त्यांच्या मनात काय चालत असे, ते मला फारसे कळले नाही. लिहायला दुसरे कोणी तयार नाही, म्हणून मी लिहितो आहे.

गावाच्या मुखियाच्या नावाचे एक शेत असते. आम्ही त्याला झुंडे म्हणतो. सगळे तिथे पाळीपाळीने फुकट राबतात आणि तिथे पिकलेला मका दुष्काळात विधवांना, अनाथांना मिळतो. निदान माझ्या लहानपणी मिळत असे. मग एका वर्षी पाऊस झाला नाही आणि मुखिया ग्वांझुरा पोत्यामागे एक शेळी मागू लागला. सारुझाई म्हातारीकडे चार नातवंडे आणि एकच दुभती शेळी होती.

रविवारी माईंनी बायबलमधल्या योसेफाची गोष्ट काढली, ज्याने मिसरात दुष्काळासाठी धान्याची कोठारे भरून ठेवली होती.

"योसेफाचं कौतुक आपण सगळेच करतो. पण पुढचं पान कोणी वाचतं का? धान्य देताना त्यानं आधी लोकांचा पैसा घेतला, मग गुरं, मग जमिनी. आणि ते धान्य पिकवलं होतं कोणी? त्याच लोकांनी. आपल्या आजोबांच्या वेळच्या मुखियाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कोठार उघडताना तो शेळी मागत नव्हता." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सेकुरु, तुम्ही त्या शेतात टोपल्या वाहिल्यात. कसं होतं ते सांगा यांना."

मी उठलो. घसा खाकरला. आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

ग्वांझुरा पहिल्या बाकावर खुशीत होता. बाहेर पडताना म्हणाला, "माई, मला योसेफाच्या पंगतीला बसवलंत, बरं वाटलं. त्यानं तरी कुठं फुकट दिलं?"

लोक हसले. संध्याकाळी त्याने माईंच्या घरी मक्याचे पोते पाठवले, चांगल्या उपदेशाबद्दल. माईंनी ते तसेच डोक्यावर घेतले आणि सारुझाईच्या दारात नेऊन टाकले. ते ग्वांझुराच्या मनाला लागले. पुढच्या महिन्यात मंडळीच्या पंचांनी "माई आता थकल्या" म्हणून उपदेशकांच्या यादीतून त्यांचे नाव काढले. मी त्या बैठकीत होतो. त्या थकल्या नव्हत्या, हे मला ठाऊक होते.

पोते संपले आणि सारुझाईची शेळी मुखियाच्या अंगणात बांधली गेली. मुखियाच्या शेतात नांगरणीला मात्र पुन्हा सगळे गेले. मीही गेलो.

माई त्यानंतर प्रार्थनाघरात मागे, दारापाशी बसत. आमची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्या वारल्या त्याच्या आधीच्या रविवारी तिथे थांबून म्हणाल्या, "सेकुरु, आज घंटा ऐकूच आली नाही."

"हात दुखतोय, माई."

"मग दुसऱ्या हातानं वाजवा."

"बघतो," मी म्हणालो.