दहा अक्षरांची सासूबाई

आजकालची पोरं नुसतं बोट फिरवतात आणि स्वतःला प्रोग्रामर म्हणवतात! आमचा पहिला कॉम्प्युटर एकटाच गार खोलीत बसायचा आणि आम्ही बाया-बाप्ये दाराबाहेर घाम पुसत उभे. पंपांच्या कारखान्यात सुट्या भागांच्या भांडारासाठी मी प्रोग्राम लिहीत होते. जागेची इतकी मारामार, की वस्तूच्या नावाला जेमतेम दहा अक्षरं मिळायची.

भांडार सांभाळायचे नाना. चार हजार भाग, पण कुठला कुठल्या खणात हे फक्त त्यांच्या डोक्यात. एकदा साहेब हळूच म्हणाले, "तुमचं काम झालं की नानांना घरी बसवू." माझं डोकंच फिरलं. रोज स्वतःच्या डब्यातलं मला वाढणारा माणूस, आणि त्याला माझ्या हातून नारळ?

यादी सांगायला नाना शेजारी बसले. उगाच शिट्ट्या मारणारा व्हॉल्व्ह म्हणजे त्यांची 'सासूबाई'. सतत गळणारा नळ 'रडूबाई'. काही केल्या जागचा न हलणारा बोल्ट 'जावई'.

"पोरी, खरी नावं लिही गं," नाना हसत म्हणाले.

"तुम्ही सांगा हो!" मी एकेक नाव तस्संच टाइप केलं.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी ऐटीत 'व्हॉल्व्ह' टाइप केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: अशी वस्तू नाही.

"'सासूबाई' टाका की," मागून नाना म्हणाले. लगेच उत्तर आलं: खण एकशे चौदा, नग सहा.

साहेब उखडले. "हा काय चावटपणा?"

"नुसत्या व्हॉल्व्हचे चाळीस प्रकार, साहेब. त्यांची खरी नावं लांबलचक, दहा अक्षरांत मावत नाहीत."

"मग बदला! किती दिवस लागतील?"

"छे, दिवस कसले? वर्षं लागतील." मी बेधडक थाप मारली. खरं तर आठवड्याचं काम होतं. पण नानांशिवाय भांडारातला खिळा सापडेना, त्यामुळे साहेबांनी नानांना ठेवून घेतलं.

सहा वर्षांनी नाना मानानं निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी मी नावं बदलायला बसले. यादीच्या तळाशी एक नोंद होती, मी कधीच न टाइप केलेली:

थापाडी. खण: कॉम्प्युटरची खोली. नग: एक. बदली मिळत नाही.

लबाड म्हातारा! सगळं ठाऊक होतं त्याला. मी हसता हसता रडले, मग बाकी सगळी नावं बदलली. ती एक तेवढी ठेवली.