वॉकीटॉकीचं बटण आणि माझी धास्ती

मंडळी, आमची लेक सुनंदा मैत्रिणींबरोबर कापडे गावच्या डोंगरावर प्लॅस्टिकच्या छर्‍यांच्या बंदुकांनी लढाईचा खेळ खेळते. मला धास्ती कड्याची. म्हणून महाडहून दोन वॉकीटॉकी आणले. दुकानदाराने दोन्हींवर एकच चॅनेल लावून दिलं.

आज त्यातला एक घेऊन ती वर गेली आणि मी अंगणातून बटण दाबून विचारत सुटलो, "पोचलीस का गो? कड्याजवळ नाय ना?" उत्तरच नाय. घाबरून काठी घेतली आणि निघालो, तर तीच धापा टाकत खाली आली.

"बाबा, बोलून झालं की बटण सोडा! ते दाबलेलं असलं की माझं बोलणं तुम्हाला ऐकूच येत नाय. आई म्हणते ते खरं हाय, तुम्ही दुसर्‍याला बोलूच देत नाय!"

मग बटण सोडायला शिकलो. ती परत वर गेली आणि दिवसभर तिचा आवाज येत होता, "बाबा, जिवंत हाय. आता जेवा."

पोटभर जेवलो. काळजीत तुमचंही बटण असंच दाबलेलं राहतं का?