काठोकाठ पियाले

पक्षाघाताने सानोबर वहिनीचं डोकंच फिरलंय, पाहुण्यांचे पियाले काठोकाठ भरते, असा आमच्या मर्गिलान गावभर बोभाटा झाला. आमच्याकडे घोटभर चहा ओतला तर मान. काठोकाठ भरला, की ‘प्या आणि निघा’. पियाले भरले हे खरं. पण वहिनीला रीत तोंडपाठ होती आणि डोकं ठिकाणावर होतं.

झटका आला तेव्हा ती सव्वीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उजवा हात अजून बटणांशी भांडतो. मूल हवं की नको, हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होऊ शकेल, पण आधी गोळ्या बदलाव्या लागतील, घाई नको. घरात कुणी नसलं की ती उजव्या हातावर खरबूज घेऊन पेलतंय का ते बघायची. एकदा पडलं. तिने ते खाऊन टाकलं आणि माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही.

एवढ्यात हा प्रश्न सोडवायला दोन तज्ज्ञ येऊन बसल्या: तिच्या नवऱ्याच्या, इल्योरच्या, आणि माझ्याही आत्या, मुकर्रम आणि हलीमा. मुकर्रम आत्यांचं म्हणणं, पोर झालं की हात आपोआप सुटतो, त्यांच्या नणंदेच्या शेजारणीचा सुटला. हलीमा आत्यांचं म्हणणं, अशीला पोर म्हणजे घरात दोन आजारी. त्यापेक्षा इल्योरला दुसरी बघा. या वैद्यकीला कॉलेज लागत नाही. तोंडभर बदाम आणि पुलाव शिजेपर्यंतचा वेळ, बस्स. सासू दोघींच्याही बोलण्यावर मान डोलवत होती. इल्योर अंगणात कढईआड लपला होता, भात ढवळायचा नसतो तरी ढवळत.

“सूनबाई, तुझं काय मत?” मुकर्रम आत्यांनी शेवटी विचारलं, मीठ बरोबर आहे का विचारावं तसं.

वहिनीने डाव्या हातात किटली घेतली आणि दोघींचे पियाले काठापर्यंत भरले.

“होईल, नाहीतर नाही होणार,” ती म्हणाली. “माझं ठरलं की इल्योरला सांगेन. तुम्हाला पाळण्याचं बोलावणं आलं, तर कळेलच.”

“हात कापतो गं पोरीचा, म्हणून जास्त पडला,” हलीमा आत्या कुजबुजल्या.

“मग सांडला कुठे?” मुकर्रम आत्यांनी विचारलं आणि चपला शोधायला लागल्या. जन्मात कुणाचा पुलाव न सोडलेल्या दोघी उपाशी गेल्या.

मी म्हणालो, आता या उंबऱ्याला त्यांचे पाय लागायचे नाहीत.

“येतील,” वहिनी म्हणाली. “आणि मुलाबद्दल ब्र काढणार नाहीत. लाव पैज.”

मी माझे नवे हेडफोन पणाला लावले. पुढच्याच पुलावाला दोघी हजर. गुडघे, कापसाचा भाव, जावयाची गाडी, सगळं झालं. मुलाचं नाव नाही. हेडफोन आता वहिनीकडे असतात. आत्या आल्या की तर कानातच.