सिक्सर म्हणायची घाई

नांदेडला आमच्या भागात दर हिवाळ्यात टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा होतात. त्या स्पर्धांत मी सोळा वर्षं माइकवर बोललो. शाळेत भूगोल शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावरच्या मंडपात बसून समालोचन करायचो. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधूनच एखादा शेर. भोकर, हिमायतनगरहून आलेली माणसं सामना कुणाचा आहे हे विचारायच्या आधी "सर हायेत का माइकवर?" असं विचारायची. ते मला फार आवडायचं. पुढं जे घडलं त्याचं मूळ त्या आवडण्यातच आहे.

माझी एक सवय होती. चेंडू उंच गेला की तो कुठं पडणार हे मी आधीच सांगून टाकायचो. चेंडू पडायच्या आत माझा शब्द पडायचा. दहातल्या नऊ वेळा तो बरोबर निघायचा. दहाव्या वेळी लोक हसायचे, मीही हसायचो.

आमच्या भागाच्या संघात एक राखीव गडी होता. माझाच विद्यार्थी. शाळेपासून दोन गल्ल्या सोडून त्याचं शिलाईचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं. सगळे त्याला टेलर म्हणत. वय तीस-बत्तीस. फलंदाजी बेताची, गोलंदाजी नाहीच. पण एखादा जाडजूड गडी पळून दमला की त्याच्या जागी टेलरला सीमारेषेवर उभं करायचे, बहुतेक वेळा लाँग ऑनला. तिथं तो आल्यावर चौकार अडायचे. टाळ्या मात्र गोलंदाजाला मिळायच्या. संघाचे पंधराही शर्ट त्यानंच शिवलेले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या हौशी लोकांनी नांदेडचे चार आणि लातूरचे चार संघ घेऊन एक लीग सुरू केली. टीव्हीवरच्यासारखं सगळं. संघाला मालक, मालकाला फेटा, मोबाईलवर थेट प्रक्षेपण. पहिल्याच वर्षी उपांत्य सामन्यात आमच्यापुढं लातूरचा एक संघ होता. शेवटच्या दोन चेंडूंत त्यांना पाच धावा हव्या होत्या. त्यांच्या फलंदाजानं चेंडू लाँग ऑनकडं उंच मारला. टेलर पाठमोरा पळत सुटला. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि ओरडलो, "आणि हा गेला... सिक्सर!"

मंडपाचा एक भोंगा लाँग ऑनच्या मागच्या खांबावर बांधलेला होता, टेलरच्या डोक्यापासून फार तर सात-आठ फुटांवर. माझा शब्द त्यातून निघाला आणि टेलर थांबला. गेलेल्या सिक्सरमागं कोण पळतं? पण चेंडू गेला नव्हता. वाऱ्यानं अडवल्यासारखा तो खाली आला, फक्कीच्या रेषेच्या आत. टेलरला ते दिसलं, त्यानं झेप घेतली, बोटांना चेंडू लागला, निसटून जमिनीवर पडला आणि घरंगळत रेषेपार गेला. चार धावा. पुढच्या चेंडूवर एक धाव काढून लातूरवाले जिंकले.

मला त्याच क्षणी कळलं होतं. तो थांबला ते माझ्या आवाजावर. मंडपात बसलेल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण सगळेच ओरडत होते. त्यांना एवढंच दिसलं की गडी पळता पळता उभा राहिला आणि मग हातातून चेंडू सोडला. मैदान गप्प झालं होतं. माइक माझ्या हातात होता. "चूक माझी" एवढे दोन शब्द पुरे होते. मी म्हणालो, "आज टेलरनं मशीनला ऑइल घातलं असणार, ते हातावर तसंच राहिलं वाटतं!"

सगळं मैदान हसलं. हरलेलं मैदान हसवायला कसब लागतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला.

त्या दिवसापासून त्याचं नाव ऑइल पडलं. शाळकरी पोरं दुकानासमोरून सायकलवर जाताना "ऑइल!" ओरडून जायची. ब्लाउजचं कापड देताना एक बाई हसत म्हणाली, "डाग पाडू नका बरं का." हे मला त्यानं सांगितलं नाही, बायकोनं सांगितलं. त्या वेळी ती तिथंच मापाला उभी होती.

पुढच्या मोसमाआधी लीगवाल्यांनी एक नवीन नियम केला. प्रत्येक संघानं हवं तर एका गड्याची अदलाबदल करावी. माणसाला माणूस. ज्यांच्याकडून आम्ही हरलो त्याच लातूरच्या संघानं निरोप धाडला की आमचा एकोणीस वर्षांचा डावखुरा गोलंदाज घ्या आणि तुमचा टेलर द्या. निरोप आला आणि आमच्या भागात दुसरा विषयच राहिला नाही.

बातमी कळल्यावर टेलर माझ्या घरी आला. माझी एक पँट आखूड करायला टाकली होती, ती घेऊन. खुर्चीवर बसला नाही, दारातच उभा राहिला.

"सर, मालक तुमचं ऐकतेत. एक शब्द टाका ना."

"काय सांगू?"

"मला खेळवू नका म्हणावं. पाणी नेतो, बाहेर बसतो. पण काढू नका. दुकान हितं हाय, दोस्त हितं हायेत. दर आइतवारी लातूरला जाऊन मी कुणासंगं बसू?"

"सांगतो मी," म्हणालो. "काळजी करू नको."

चप्पल पायात सरकवता सरकवता तो खाली बघूनच म्हणाला, "त्या दिवशी भोंगा लई जवळ होता, सर." आणि गेला. त्या झेलाविषयी तो एवढंच बोलला.

त्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या हॉटेलात बैठक बसली. बैठक म्हणजे चहा, भजी आणि भांडण. संघाचे मालक बी-बियाणांचे दुकानदार. संघाच्या प्रत्येक सामन्याला हजर असणारे एक रिटायर्ड कंडक्टर. कोपऱ्यावरचा सलूनवाला. शिवाय उभे राहून ऐकणारे दहा-बारा जण.

"पोरगं उदगीरकडचं हाय," मालक म्हणाले. "यॉर्कर असा टाकतंय, बॅट खाली यायच्या आत दांडी गुल."

"तुम्ही बघितलंय का त्याला?" कंडक्टरांनी विचारलं.

"मोबाईलवर बघितलंय की."

"मोबाईलवर माझी म्हैस बी घोड्यावानी पळती."

सगळे हसले. मालकही हसले, पण हटले नाहीत. "पाच वर्षं खेळंल ते पोरगं. टेलर किती खेळणार? आन कुठं खेळून राहिलाय तो? राखीवच हाय."

"राखीव हाय म्हणून काय झालं? सात वर्षांत एक खाडा न्हाई. फक्की मारायला बी पहिला हाच असतो. आन लातूरवाले येडे हायेत का? त्यांच्या कॅप्टननं उगं मागितला का त्याला? त्या मॅचला त्यानं वीसेक धावा अडवल्या, त्या त्यांना दिसल्या, आपल्याला न्हाई."

"शेवटच्या चार सोडल्या त्या बी दिसल्या असतील," सलूनवाला म्हणाला. मागून कुणीतरी "ऑइल!" ओरडलं आणि परत हशा झाला.

कंडक्टर चिडले. "अरे, ते पोरगं रिपीटर हाय. लातुरात डॉक्टरकीच्या क्लासला बसलंय. उद्या बाप कान धरून क्लासात नेईल. मग? पोरगं बी गेलं आन टेलर बी."

"साहेब, गाडी सुटायच्या आधीच तुम्ही थांबायची बेल देऊन राहिलात."

"तू अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवतो का रं? माणूस असा अर्ध्यात उठवत नसतेत."

भजी संपली, दुसरी आली. जमलेल्यांत निम्मे इकडं, निम्मे तिकडं. मग मालकांनी माझ्याकडं बघितलं.

"सर, तुम्हीच सांगा. तुम्ही तर समोर बसला होता. तो झेल घेण्यासारखा होता का न्हवता?"

सगळे गप्प झाले. माझ्यासाठी गप्प होणारी माणसं मला नवी नव्हती. पण एक गोष्ट तिथं कुणाला माहीत नव्हती. लीगवाल्यांकडं एका तरुण समालोचकाचं नाव चाललं होतं. तो मोबाईलवर प्रसिद्ध होता, आणि माझ्या जागी यंदा त्याला बसवावं असं दोघा-तिघांच्या मनात होतं. मी तिथं म्हणालो असतो की बाबांनो, मी आधीच सिक्सर म्हणालो म्हणून तो थांबला, तर दुसऱ्या दिवशी माइक त्याच्याकडं गेला असता. कमीत कमी मला तसं वाटलं.

मी चहाचा घोट घेतला. म्हणालो, "झेल घेण्यासारखा होता."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं पचवता आलं. झेल घेण्यासारखाच होता. तो का सुटला हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"झालं तर मग," मालक म्हणाले. कंडक्टरांनी कप बशीवर पालथा घातला आणि उठून गेले.

आठ दिवसांनी तो डावखुरा आला. अंगानं काडी, पण हात लांब. त्याच्यासाठी शर्ट हवा होता. टेलरनं तो आणून दिला, इस्त्री करून. मालक म्हणाले, एवढ्या लवकर कसा शिवला? टेलर म्हणाला, "शिवला न्हाई. माझाच हाय. दोन्ही बाजूनं दोन-दोन बोटं आत घेतला." आणि त्या पोराला खांद्यात सैल होतो का ते हात वर करायला लावून नीट बघितलं. मी तिथं होतो. त्यानं मला नेहमीसारखा सलाम केला.

पोरगं बरं होतं. चार सामन्यांत सात बळी घेतले. मग एका रविवारी बाप आला आणि पोराला सीमारेषेवरूनच घेऊन गेला. परीक्षा जवळ आली होती. कंडक्टर नुसते सलूनवाल्याकडं बघत राहिले.

टेलर दर रविवारी पहाटेच्या बसनं लातूरला जायचा. तिथं तो अकरांत खेळला. त्याचा संघ आमच्याकडं खेळायला आला तेव्हा तो लाँग ऑनला त्याच खांबाखाली उभा राहिला आणि पोरांनी सुरू केलं, "ऑइल! ऑइल!" माइक माझ्याजवळ होता. मी धावसंख्या सांगत राहिलो.

दोन वर्षांनी त्याच्या मेहुण्यानं लातूरला जागा बघून दिली आणि तो दुकान घेऊन तिकडंच गेला. त्या नावापायी गेला असं तो कधी म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

माइक तरी कुठं राहिला? पुढच्याच वर्षी आवाज बसायला लागला आणि तो तरुण आला. चांगला बोलतो. चेंडू पडेपर्यंत थांबतो.

या हिवाळ्यात अंतिम सामन्याआधी लीगवाल्यांनी माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. चार शब्द बोला म्हणाले. मी आदल्या दिवशी ते घरी म्हणून बघितले होते, बायकोसमोर. ती म्हणाली, "एवढं बोललात तरी पुरे."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. कोणता सामना, कोणता चेंडू, भोंगा कुठं होता, मी काय ओरडलो. म्हणालो, टेलर थांबला तो माझ्यामुळं. त्याच्या हातावर ऑइल कधीच नव्हतं, माझ्या जिभेवर होतं.

लोक हसले. खूप हसले, टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षं मी त्यांना हसवलं होतं, त्यामुळं हेही हसण्यासाठीच असेल असं त्यांना वाटलं. "सरांचा टच तोच हाय!" असं मालक माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. मी पुन्हा सांगू लागलो, पण तोवर नाणेफेकीसाठी कप्तान आत निघाले होते. गर्दीत कंडक्टर दिसले. ते हसत नव्हते.

म्हणून हे कागदावर लिहितो आहे. कागदावर लोक हसले तरी शब्द पुसले जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरचा फोन आला. मागं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"सर, बघितलं मोबाईलवर. दुकानातच लावलं होतं."

"लोक हसले रे," मी म्हणालो.

"हसू द्या. माझं पोरगं बाजूला होतं. ते न्हाई हसलं. म्हणलं, अब्बा, म्हणजे तुमची चूक न्हवती?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणलो, सर म्हणून राहिले ना."

मग जे इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "मी ओरडलो नसतो तर घेतला असतास का रे तो झेल?"

त्यानं जरा वेळ घेतला. खोटं बोलायचं नसलं की शाळेतही तो असाच थांबायचा.

"सांगता येत न्हाई, सर. वारं होतं. सुटला बी असता," तो म्हणाला. "पण थांबलो नसतो मी."