ठेवणीतली बॅटरी

आमच्या नणंदबाई दीपमाला यांच्या घरात वस्तूंच्या दोनच जाती: वापरातली आणि ठेवणीतली. वापरातल्या कपाचा कान तुटलेला असतो. ठेवणीतले सहा कप कोणत्या थोर पाहुण्याची वाट पाहतात, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नाही. तो पाहुणा मी नाही, एवढं नक्की.

ताई बँकेतून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. येरवड्यात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांचा लॅपटॉप जुना, खालून बॅटरी काढता येणारा. बॅटरी इतकी थकलेली की चार्जर काढला, तर चहाला उकळी फुटायच्या आत पडदा काळा. मीच मागे नवी बॅटरी आणून दिली. ताईंनी ती मलमलीत गुंडाळून कपाटात पैठणीखाली ठेवली.

"वापरली की झिजते, अपूर्वा."

"ताई, बॅटरी नुसती पडूनही मरते."

"चांगल्या वस्तू अशा मरत नाहीत," असं उत्तर मिळालं. बँकेतल्या बाईशी वाद घालायला मी काही नवीन लग्न झालेली नाही.

त्याच लॅपटॉपवर, शब्दकोड्यांच्या ग्रुपात, त्यांना वर्ध्याचे सुदर्शन सर भेटले. निवृत्त शिक्षक, विधुर. संध्याकाळी दोघं व्हिडिओवर कोडी सोडवायचे. सर म्हणायचे, "मॅडम, आवाज कटून राहिला." ताई म्हणायच्या, "सर, आवाज येतो किंवा जातो. राहायला तो काय पाहुणा आहे?" मी जिन्यात उभी राहून ऐकायची. चोरून नव्हे, जिना सगळ्यांचा आहे.

मग सरांनी सरळ लग्नाचंच विचारलं. ताई म्हणाल्या, "बघू." पुढे बरेच दिवस तेच. शेवटी सर म्हणाले, गुरुवारी चार वाजता अखेरचं विचारतो, नाहीतर मुलाकडे बंगळुरूला कायमचा निघतो.

गुरुवार निवडणारा माणूस पुण्याबाहेरचाच. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारीच जाते. ताईंनी सांगायला हवं होतं, पण लाजल्या असाव्यात. चार वाजायच्या सुमारास पंखा थांबला आणि वरून हाक आली.

"मोबाइलवर बोला," मी म्हटलं.

"मोबाइलवर माणूस बोटभर दिसतो. अशा गोष्टी बोटभर माणसाशी बोलत नाहीत."

मोबाइलवरून इंटरनेट घ्यायचं ठरलं आणि ताईंनी पैठणीखालून ती बॅटरी काढली. मलमल सोडली, बॅटरी बसवली, बटण दाबलं. साधा दिवाही लागला नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

मी तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. ताई पलंगावर बसल्या आणि बॅटरीवरून हात फिरवत राहिल्या. "एकदाही वापरली नाही गं," त्या म्हणाल्या. त्या बॅटरीबद्दलच बोलत होत्या, असं मी धरून चालले. पण मला फार वाईट वाटलं.

मी जुनीच बॅटरी परत बसवली. सर दिसले, नव्या शर्टात, घडीच्या खुणांसकट. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह लाल झालेलं.

"मॅडम, मग काय ठरवून राहिल्या?"

ताईंनी ओठ मिटले. त्यांवर मला "बघू"चा ब स्पष्ट दिसला. मी कोपराने ढोसलं.

"हो," ताई म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

आम्ही दोघी त्या काळ्या पडद्यात आपापली तोंडं बघत बसलो. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तेवढ्यात मोबाइल वाजला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला. माझ्यासाठी नव्हे, हात मोकळे हवेत म्हणून.

"मॅडम, आवाज कटून राहिला होता. काय म्हटलं?"

ऐकलं होतं लबाडाने. हसू आवाजातच होतं. आता ताई त्यांचं मराठी सुधारणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

ताईंनी पदर सावरला. "हो म्हणून राहिली ना मी, सर."

ठेवणीतले कप काढताना मी कुणाची परवानगी घेतली नाही.