बाबांचं बसकर

चौलला आमच्या वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. गेल्या हिवाळ्यात एक इंग्रज महिनाभर राहिला. साठी उलटलेला, उंच, गुडघ्यांनी हैराण. जन्मभराचा धंदा काय, तर गाड्यांच्या शर्यती, त्याही चोवीस तासांच्या. गाडी एक, चालवणारे तिघं, आळीपाळीनं, गोल गोल.

"मंग पोचतात कवा?" बाबांनी विचारलं.

"पोचत नाहीत. निघाले तिथेच येतात."

बाबांनी अशी नजर टाकली की मला पाहुण्याची कीव आली. त्यांनी स्वतः तीस वर्षं ट्रक हाकला होता, थेट इंदूरपर्यंत, एकट्यानं. आता वाडीतले नारळ-सुपारी अलिबागच्या बाजारात न्यायला टेम्पो उरला होता आणि त्या टेम्पोनं माझ्या जिवाला घोर लावला होता. बाबांचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं होतं. माझं लायसन कपाटात दागिन्यांशेजारी पडून होतं, कारण दोन्हींचा वापर सारखाच. चावी बाबा करगोट्याला बांधून झोपत.

आदल्याच आठवड्यात रेवदंड्याला वळताना त्यांनी उजवीकडचे बोंबील वाळत घातलेले बांबू उडवले आणि बोंबलांच्या तोरणासकट पुढच्या नाक्यापर्यंत गेले. "बांबू रस्त्यात आलवते," हे त्यांचं म्हणणं. त्या बांबूंखाली एरवी कोळणी बसतात. त्या दिवशी कुणी नव्हतं, हे आमचं नशीब. त्यानंतर बाबा घरी परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे.

एका संध्याकाळी बाबांनी पाहुण्याची उलटतपासणी घेतली. दुभाषी मी.

"पयला कितींदा आला?"

"एकदाही नाही. एकदा दुसरा."

"किती वर्सांत?"

"वीस."

बाबा इतके खूश झाले की त्यांनी पुन्हा चहा सांगितला. "आमच्या किनाऱ्यावरचा लंगडा बैल पन शर्यतीत दोनदा पयला आलाय," म्हणाले. याचं मी भाषांतर केलं नाही.

मग पाहुण्याला टेम्पोच्या सीटवरचं बसकर दिसलं. बाबा बुटके. आईनं जाण्याआधी जुन्या लुगड्यांचं हे जाडजूड बसकर त्यांना शिवून दिलं होतं. त्याशिवाय त्यांना स्टिअरिंगवरून रस्ताच दिसत नाही, आणि दुसऱ्या कुणी त्यावर टेकलेलं चालत नाही. पाहुण्याचा चेहरा एकदम खुलला. त्याचंही असंच होतं म्हणे, त्याच्या अंगाच्या मापाचं. पाळी संपली की आपलं बसकर उचलायचं, उतरायचं, नंतर बसणाऱ्याचे पट्टे आवळून द्यायचे. सगळं मिनिटाच्या आत.

"आन मानूस उतरलाच न्हाय तर?"

पाहुण्यानं गुडघे चोळले. "एकदा मी नाही उतरलो. डोळे मिटत होते, तरी म्हणालो, अजून एक फेरी. त्याच फेरीत ठोकली. आम्ही पहिले होतो तेव्हा. गाडी तिघांची होती."

हे मात्र मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. बाबांचा चहा तसाच निवला.

सकाळी नारळ भरून झाले. बाबा सीटवर बसले आणि बसूनच राहिले. मग बसकर उचललं आणि उतरले. मिनिटाच्या आत कसले, पाऊण तास लागला. टॉवेल काढला, तंबाखूची डबी काढली, देवाची तसबीर सरळ केली, पुन्हा वाकडी वाटली म्हणून पुन्हा केली. शेवटी चावी माझ्या हातात दिली. मी बसल्यावर आत वाकून त्यांनी पट्टा ओढला. आयुष्यात कधी न लावलेला तो पट्टा कोळिष्टकासकट बाहेर आला. माझ्या छातीवरून घेऊन त्यांनी तो नीट अडकवला. मला रडू आलं, पण समोर रस्ता होता.

डावीकडे बसकर टाकून ते बसले.

"दोन तास. मंग मी."

अलिबाग अर्ध्या तासावर. मी "बरं" म्हटलं.

नागावपर्यंत ते माझ्या प्रत्येक ब्रेकला स्वतःचा पाय दाबत होते. आक्षीच्या खाडीवर त्यांचा पाय थांबला. मी घाबरून बघितलं, तर ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"हितनं समुद्र दिसतोय व्हय," बाबा म्हणाले.